वाकण्याची धास्ती

मणक्यातली गादी सरकल्याचं निदान झालेली माणसं दुखण्याच्या भीतीतून बाहेर पडायला माझ्याकडे येतात ती बहुतेकदा हाडांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तपासणीत पायाची ताकद चांगली असते, कळ उतरणीला लागलेली असते, पण माणूस अंथरुणातून उठायला तयार नसतो. आणि थोड्याफार फरकानं प्रश्न एकच: "वाकले आणि नस दबली, तर पाय लुळा पडेल ना?"

एका बाईंच्या अनुभवातून याचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४२, पोळी-भाजी केंद्र चालवतात. मळलेल्या कणकेचं जड पातेलं उचलताना कमरेत कळ आली आणि दोन-तीन दिवसांत ती मांडीमागून, पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी बाहेर आलेली दिसली. कमरेतल्या गादीचा त्रास बहुतेकांना याच किंवा हिच्या वरच्या गादीत होतो. डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, झेपेल तसं चालायला सांगितलं.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. सासूबाईंनी खाली बसू देणं बंद केलं. नवऱ्यानं कमरेचा पट्टा आणला. शेजारणीनं कुणाचं तरी ऑपरेशन फसल्याची गोष्ट सांगितली. तीन महिन्यांनी त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा पट्टा झोपतानाही काढत नव्हत्या आणि पायात चपला मुलगी सरकवून देत होती.

"काही होत नाही, घाबरू नका" हे त्यांनी खूप जणांकडून ऐकलं होतं, म्हणून मी ते म्हटलं नाही. विचारलं, "ताई, रिपोर्टमधलं कुठलं वाक्य रात्री आठवतं?" त्यांनी पिशवीतून घडी पडलेला कागद काढला. "हे बघा मॅडम, डिजनरेटिव्ह लिहिलंय. म्हणजे मणका झिजत चाललाय. आता तो थांबणार थोडाच!"

पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज होती आणि निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलेल असं वाटलं होतं. उलट त्या दुखावल्या. "म्हणजे माझं दुखणं खोटं?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नाही, दुखणं खरंच होतं. गादीचं बाहेरचं चिवट कडं फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो, नसेच्या मुळावर दाब येतो आणि त्या गरामुळे नसेला सूजही येते. पण बाहेर आलेला तो गर शरीर तसाच राहू देत नाही. रोगप्रतिकारक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात, आणि पुष्कळदा मोठा, सुटून आलेला तुकडाच जास्त आक्रसतो. बहुतेकांची पायातली कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच कमी होते, त्यात याचाही वाटा असतो. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या (कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) २८३ रुग्णांवर झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला नेहमी आठवतो. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. आधी ऑपरेशन न करता थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, म्हणून ज्यांना ते लागतं त्यांनी स्वतःला हरलेलं समजू नये.

मग आम्ही भीतीची हद्द ठरवली. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा, दोन्ही पायांत कळ उतरणं, पाऊल उचलता न येणं किंवा ताकद कमी होत जाणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं. एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. दिवसभर पाय चाचपून बघण्याची त्यांची सवय त्यानंतर सुटू लागली.

पुढचं काम फिजिओथेरपिस्टच्या जोडीनं केलं. भीती वाटणाऱ्या हालचालींना त्यांनी शून्य ते दहा असे गुण दिले. स्वतः चपला घालणं चार, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं सहा, जमिनीवर मांडी घालणं नऊ. चारपासून सुरुवात केली. थोडं दुखलं तरी चालेल, पण ते दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलं पाहिजे आणि पायात आणखी खाली उतरता कामा नये, असा नियम. मध्येच त्या रडवेल्या होऊन आल्या, कंबर जास्त दुखतेय म्हणून. पोटरीतली कळ मात्र गेली होती. कळ पायातून वर सरकत कमरेत येते ते बहुधा सुधारणेचं लक्षण असतं. हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

नवऱ्यालाही बोलावलं. "आम्ही काळजीपोटीच करतो हो," ते म्हणाले. ते खरंही होतं. पण प्रत्येक हालचालीला "अगं जपून!" ऐकणाऱ्या माणसाला आपली कंबर काचेची वाटू लागते. बाई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलल्या, "तुम्ही मला कामातून काढलंत, तेव्हा दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं." माझ्या मते उपचार खरा सुरू झाला तो तिथून. जड पातेलं दोघांनी उचलायचं, बाकी त्यांनी ठरवायचं, असं ठरलं.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींत दुखणं पुन्हा उसळलं. या वेळी त्या झोपून राहिल्या नाहीत. काम निम्मं केलं, घरातल्या घरात थोडं थोडं चालल्या, आठवड्याभरात कळ ओसरली. केंद्र आता सुरू आहे, कणीक मळायला आणि उचलायला एक मदतनीस आहे. करंगळीत थोडा बधिरपणा अजून आहे. नसेला सावरायला महिने लागतात आणि काहींच्या बाबतीत तो थोडा राहूनही जातो, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे केंद्र उघडलं.