स्टीलहेड मासा पकडायला पहिल्यांदाच जातोयस? मग आधी एवढं बघ
अरे मस्त, वॉशिंग्टन राज्यात आलास आणि थेट स्टीलहेडच, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट! रॉड-रीलचं नंतर बघू, आधी मासा ओळखायला शिक. पाठीवर शेपटीच्या अलीकडे छोटा मऊ पर असतो, तो कापलेला असेल तर हॅचरीचा (म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात वाढवून नदीत सोडलेला), शाबूत असेल तर जंगली समजायचा आणि सोडायचा.

नवे लोक हमखास चुकतात ते:
- फोटोसाठी जंगली मासा पाण्याबाहेर उचलतात, इथे ते बेकायदा आहे
- वसंतात उथळ खडीतून चालतात, खाली अंडी असतात रे

आणि "जंगली मासे कमी झाले तर काय, हॅचरीवाले सोडतात की ढीगभर" हे डोक्यातून काढ. ओरेगनच्या हूड नदीवरच्या २००७ च्या अभ्यासात हॅचरीतल्या दर पिढीमागे माशांची नदीत पिल्लं वाढवायची क्षमता साधारण ४० टक्के घसरलेली दिसली, आणि हेच मासे जंगलींत मिसळतात. म्हणून हॅचरीचा लागला आणि नियमात बसत असेल तर बिनधास्त घरी ने.