तो खालचा बँड कापू नकोस

काल रात्रीचा तुझा मेसेज ट्रेनमधून उभ्याने टाकलेला दिसतोय, अर्धे शब्द गाळलेत, पण कळला. आधी वेस्टर्न ब्लॉटचा फोटो, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून पट्ट्यांत, बँडमधे, दाखवायची ती टेस्ट, खाली प्रश्न, मॅडम ५५ किलोडाल्टन वजनाला हवा तो बँड आलाय पण चाळीसच्या आसपास अजून एक आहे, पोस्टरसाठी कापला तर चालेल का. मग दोन लिंका, एक २०२५ च्या मेडिसिनच्या नोबेलची आणि एक त्या अमेरिकेतल्या बाळाची. आणि शेवटी ते वाक्य, खरं संशोधन तिकडेच होतं, आपण इथे नुसते बँड मोजतो. मी रात्रीच उत्तर देणार होते पण दोन ओळीत भागणार नव्हतं म्हणून सकाळी चहा घेऊन बसलेय.

आधी बँडचं सांगते. कापू नकोस.

का ते सांगायला मला रक्ताकडे यावं लागेल, कारण माझी सगळी वर्षं त्यातच गेली. तू लिंक पाठवली नाहीस पण त्याच वर्षी अजून एक बातमी आली होती. कर्नाटकात कोलारची एक ३८ वर्षांची बाई हार्टच्या ऑपरेशनसाठी दाखल होती, ग्रुप ओ पॉझिटिव्ह, म्हणजे ब्लड बँकेच्या दृष्टीने रोजचं काम, पिशवी काढायची, पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते बघायला क्रॉसमॅच लावायचं, द्यायची. एकही पिशवी जुळेना. घरच्यांचं रक्त तपासलं, तेही जुळेना. डॉक्टरांनी शेवटी रक्त न चढवता ऑपरेशन केलं, ते नीट झालं. आता इथे फाइल बंद करता आली असती ना, पेशंट घरी गेली, संपलं. पण बेंगळुरूच्या लॅबने तिचं आणि घरच्यांचं सँपल ब्रिस्टलच्या रेफरन्स लॅबला पाठवलं, दहा महिने काम चाललं आणि तिच्या रक्तावरून क्रोमर नावाच्या ब्लड ग्रुप सिस्टिममधला एक नवा अँटिजन, म्हणजे लाल पेशींवरची खूण, सापडला, आधी कुणीच न पाहिलेला. जून २०२५ मधे मिलानला ते जाहीर झालं, नाव ठेवलं क्रिब, त्यात क्रोमर, इंडिया आणि बेंगळुरू यांची आद्याक्षरं आहेत.

आणि हे पहिल्यांदा नाही झालं. तू रोज परळला उतरतेस, केईएमवरून जातेस. तिथेच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली की ज्यांचा ग्रुप साध्या टेस्टमधे ओ वाटायचा, पण ओ चं रक्त त्यांच्या सीरमशी, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्याशी, लावलं की गुठळ्या. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं असं आपण शाळेत शिकतो, आणि इथे ओ च चालत नाही! कारण नंतर उलगडलं, ए आणि बी अँटिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच अँटिजनच या लोकांच्या लाल पेशींवर नसतो, आणि ओ वाल्यांच्या पेशींवर एच सगळ्यात जास्त, म्हणून शरीर त्याला परका समजतं. १९५२ मधे लॅन्सेटमधे छापून आलं आणि जगभर त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात, आजही. विचार कर, रिव्हर्स ग्रुपिंगच्या, म्हणजे पेशंटचं सीरम माहीत असलेल्या सेल्सशी लावायच्या, ट्यूबमधे ओ सेल्स गोळा झाल्या, हे बघून कुणी नुसतं "सेल्स जुन्या असतील" म्हणून ट्यूब धुवून टाकली असती तर.

मी टाकली आहे धुवून, म्हणून सांगते. नोकरीच्या दुसऱ्या तिसऱ्या वर्षी एका लॅबमधे एलायझा ही रक्ताची टेस्ट प्लेटवर लावायचे, अधूनमधून पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पॉझिटिव्ह यायलाच हवं असं माहीत असलेलं सँपल, वीक यायचा. वीक आला की प्लेट रद्द, नवी किट उघडायची, परत लावायचं, आणि रजिस्टरमधे फक्त चांगलं रीडिंग लिहायचं. असंच करतात असं मला शिकवलं गेलं होतं आणि मीही विचारलं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या एका मुलीने वापरलेल्या किटचा हिशेब लावताना विचारलं की दर सोमवारीच दोन किट का जातात. शनिवारी संध्याकाळी फरशी पुसायचं मशीन लावायला फ्रिजचा प्लग काढला जायचा आणि कधी रात्रभर तसाच राहायचा. रद्द प्लेटांच्या तारखा मी लिहिल्या असत्या तर दुसऱ्याच आठवड्यात कुणाच्याही लक्षात आलं असतं. त्या चार महिन्यांत किती जणांचे रिपोर्ट त्या कोमट किटवर गेले ते आता कळायला मार्ग नाही, आणि ते मला अजून टोचतं.

म्हणजे न जुळणारी गोष्ट दहातल्या नऊ वेळा फ्रिजच असते, नवा अँटिजन नसतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण फ्रिज आहे हे कळायलाही ती लिहावी लागते.

आता तुझी नोबेलची लिंक. बातमीत तीन हसरे चेहरे आणि "इम्यून सिस्टिमचा ब्रेक शोधला" एवढंच आहे. मागची गोष्ट बघ. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिजला रेडिएशनवर काम करणाऱ्या लॅबमधे काही उंदीर आपोआपच आजारी जन्माला आले, फक्त नर, खपल्यांची कातडी, सुजलेली प्लीहा, काही आठवड्यांत मरायचे. लॅबचं कामच वेगळं होतं, तरी कुणीतरी ती जात जपून ठेवली, पिढ्यान् पिढ्या. पन्नास वर्षांनी मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्या उंदरांचा बिघडलेला जीन शोधायला घेतला, शोधता शोधता वीस जीनवर आले, आणि एकेक तपासत गेले तर सापडला तो विसावा, शेवटचा. २००१ साल. त्याच जीनला फॉक्सपी३ म्हणतात. इकडे जपानमधे शिमोन साकागुची १९९५ पासून सांगत होते की इम्यून सिस्टिमला आवर घालणाऱ्या वेगळ्या टी सेल्स, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात, आणि तेव्हा त्या कल्पनेवरून बहुतेकांचा विश्वास उडालेला होता. २००३ मधे दोन्ही धागे जुळले, तो जीनच या सेल्स घडवतो. आज ऑटोइम्यून आजारांवर आणि ट्रान्सप्लांटवर त्याच्या आधाराने औषधं तपासली जातायत. विसाव्या जीनपर्यंत पोचायचं तर आधी एकोणीस "नाही" नीट लिहिलेले लागतात गं.

बाळाची बातमी पण चांगली आहे, मला वाचताना डोळ्यात पाणी आलं. सीपीएस१ नावाचं एन्झाइम नाही, अमोनिया साठतो, आणि सहा महिन्यांत फक्त त्याच्यासाठी जीन दुरुस्त करणारं औषध तयार केलं. पण पेपर उघडून वाच, तो एकाच मुलाचा आहे, आणि लिहिणाऱ्यांनी स्वतः बरा झाला असं म्हटलेलं नाही, अजून बघावं लागेल म्हटलंय. तू फॉरवर्ड करताना "जेनेटिक आजार आता संपले" लिहिलंस. असं नको लिहूस, ज्यांच्या घरात असं मूल आहे ते पण वाचतात.

आणि "तिकडेच होतं" म्हणालीस ना, त्यावर माझा राग नाही पण उत्तर आहे. टाटा कॅन्सर हॉस्पिटलमधून डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने २०२३ मधे ब्रेस्ट कॅन्सरची ट्रायल छापली. सर्जरीच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन, तेच भूल देणारं, दात काढताना देतात ते, बस. देशातली ११ सेंटर, १६०० बायका, २०११ पासून काम. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के जिवंत, दिलेल्यांत ९०.१. म्हणजे शंभरामागे साधारण चार जणी जास्त, आणि कुठलंही महागडं औषध नाही. कुठलाही पेपर वाचताना आधी हे बघत जा, किती जण होते, कुणाशी तुलना केली, फरक शंभरात किती जणांचा. "इतके टक्के धोका कमी" वाचलंस की लगेच शंभर माणसं डोळ्यासमोर उभी कर. टाटाच्या बाहेर फुटपाथवर चटई टाकून बसलेल्या बायका तू रोज बघतेस, त्यातल्या चार. यातला कुठला मोठा शोध आणि कुठला छोटा हे मला नाही ठरवता येत.

बरं आता काम. आधी एक लेन फक्त सेकंडरी अँटिबॉडीची, म्हणजे बँड दिसायला लावतो त्या दुसऱ्या अँटिबॉडीची लाव, आपलं प्रोटीन ओळखणारी प्रायमरी न घालता. चाळीसचा बँड तिथेही आला तर तो सेकंडरीचाच आहे, विषय संपला. मग ताजं लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, तयार कर, प्रोटीन तुटू न देणारं प्रोटीएज इनहिबिटर घालून, आणि शेजारी ते तीनचार वेळा गोठवून वितळवलेलं जुनं लाव. जुन्यात गडद आणि ताज्यात फिका असेल तर प्रोटीन तुटतंय. दोन्हीत तसाच राहिला तर मात्र दुसऱ्या कंपनीची, प्रोटीनच्या वेगळ्या भागाला चिकटणारी अँटिबॉडी मिळते का बघ, शेजारच्या लॅबमधे माग, नव्वद टक्के वेळा देतात.

सरांना सांगायची भीती वाटते हे मला माहितीये. "सर हे काय आलंय" असं घाबरून जाऊ नकोस, "सर पोस्टरवर कुणीतरी याबद्दल विचारणारच, म्हणून हे कंट्रोल लावते, एक आठवडा द्या" असं जा. तेवढ्यात नाही उलगडलं तर पोस्टरवर पूर्ण लेन ठेव आणि बँडला बाण करून लिही, ओळख पटलेली नाही. जर्नल आता न कापलेला ब्लॉट मागतातच, त्यामुळे आज लपवून उद्या परत काढावाच लागेल.

शनिवारी दुपारी ये, हिंदमाताला पाणी भरलेलं नसेल तर. रजिस्टर आण, गेल्या महिन्यात जे फसलं म्हणून लिहिलं नाहीस ते सगळं आठवून तारखेसकट लिहून आण, आणि ब्लॉटचा अख्खा फोटो प्रिंट करून आण, माझ्या फोनवर त्या खालच्या बँडची कड नीट दिसत नाहीये.