प्राथमिक शाळेत धर्म शिकवायचा आहे, वाट कोणती?

प्रश्न: मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. आजोबा आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले, गावोगावी कीर्तनं करायचे. दर रविवारी मी गल्लीतल्या मुलांना देवळात हरिपाठ आणि संतांच्या गोष्टी शिकवते. मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलीला प्राथमिक शाळेत धर्म हा चक्क एक विषय आहे. मलाही तसंच शिकवायचंय. आपल्याकडे अशी नोकरी मिळेल का? आधी एम.ए. करू की बी.एड.? आई म्हणते, देवाधर्माचं शिकवून पोट भरत नाही.

उत्तर: रविवारची सुट्टी सोडून तू गल्लीतली पोरं गोळा करतेस, हे मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लहान मुलांत रमणं हे शिकवून येत नाही. ते तुझ्याकडे आहे, म्हणून बाकीचं स्पष्टच सांगते.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या प्राथमिक शाळेत धर्मशिक्षक असं पद नाही. संविधानाच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत असा तास असला, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्याला बसवता येत नाही. उरतात त्या पाठशाळा, मदरसे, संडे स्कूल आणि बाहुबलीच्या जैन गुरुकुलासारखी गुरुकुलं. ही कामं मोठीच आहेत, पण ती ज्या त्या समाजाची आहेत आणि तिथे शिकवणारी माणसं बहुधा श्रद्धेपोटी येतात. त्यावर संसार चालवायचा म्हटलं तर आईंची काळजी रास्त आहे.

तुझ्या बहिणीनं सांगितलं तेही खरंच आहे. इंग्लंडमध्ये १९४४च्या शिक्षण कायद्यानं हा विषय शाळांना बंधनकारक केला. तो राष्ट्रीय अभ्यासक्रमात मात्र नाही. प्रत्येक भागातलं स्थानिक प्रशासन चर्चची माणसं, इतर धर्मांचे प्रतिनिधी आणि शिक्षक यांना एकत्र बसवून आपापला अभ्यासक्रम ठरवतं. मुलाला त्या तासातून काढून घेण्याचा हक्क पालकांना आहे. आणि एक गोष्ट बहिणीच्या कदाचित लक्षात आली नसेल: तिथेही प्राथमिक वर्गात या विषयासाठी सहसा वेगळा शिक्षक नसतो. गणित आणि भाषा शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकाच तो तास घेतात. म्हणजे तिकडेही आधी प्राथमिक शिक्षिकाच व्हावं लागतं.

म्हणून पदवीच्या निवडीआधी एका प्रश्नाचं उत्तर तू स्वतःशी शोध. मुलांच्या मनात भक्ती रुजावी असं तुला वाटतं, की शेजारच्या बाकावरचं मूल काय मानतं आणि का मानतं हे त्यांना कळावं असं वाटतं? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण ती दोन वेगळी कामं आहेत. पहिलं देवळातलं, दुसरं शाळेतलं. एका वेळी एकाच जागी दोन्ही करायला गेलीस तर वर्गातल्या कुठल्या ना कुठल्या मुलावर अन्याय होईल.

कोल्हापूरला ही विभागणी नवी नाही. दसरा चौकाच्या आसपास बघ: मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. शाहू महाराजांच्या काळात मुलं आपापल्या वसतिगृहात आपापल्या रीतीनं राहायची आणि शिकायला मात्र एका वर्गात बसायची. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तुझ्या आजोबांची वारकरी शिक्षण संस्थाही त्याच वर्षी जोग महाराजांनी आळंदीत सुरू केली. दोन्ही कामं एकाच काळात, आपापल्या जागी उभी राहिली. तुला यातली एक टाकून दुसरी घ्यायची गरज नाही.

शाळेतलं ते दुसरं काम कसं दिसतं, ते सांगते. मधल्या सुट्टीत शालेय पोषण आहाराची पंगत बसलीय. आमटीत बटाटा आहे. दुसरीतली एक जैन मुलगी तो बाजूला सारते आणि शेजारचा विचारतो, “बाई, ही बटाटा का खात नाही? नखरे करतीय.” इथे “गप जेव” म्हणणाऱ्या शिक्षिका पुष्कळ. तू तिथंच मांडी घालून बसायचं आणि सांगायचं, की हिच्या घरी जमिनीखाली वाढणारं खात नाहीत, ते उपटताना बारीक जीव मरतात असं तिच्या घरचे मानतात. मग त्यालाच विचारायचं, “तुमच्या घरी कधी काय खात नाहीत रे?” कुणी श्रावण सांगेल, कुणी रोजा. दोन मिनिटांत वर्गाला जे कळतं ते धड्यातून कळत नाही. परिसर अभ्यासातले सण, शिवछत्रपतींचा इतिहास, मूल्यशिक्षणाचा परिपाठ, सगळीकडे अशा जागा आहेत. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलानं शाळेत एकदा तरी ऐकायला हवं. ते नीट सांगणारी शिक्षिका हवी आहे. ते काम तुझं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता वाट. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय. तरीही दर वर्षी कितीतरी मुली प्राथमिकच्या आशेनं बी.एड.ला पैसे भरतात, याचं वाईट वाटतं. तुला डी.एल.एड. करावं लागेल, जुन्या भाषेत डी.एड., दोन वर्षांचं. नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर एक: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, मिळून १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. तत्त्वज्ञानाच्या मुली गणितात अडकतात, तेव्हा आतापासूनच पाचवीपर्यंतचं गणित रोज सोडव. मग टेट ही अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून निवड. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. २०२३पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन आहे, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. आईंना हे आकडे दाखव. भरती वेळेवर निघत नाही, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस. २०२०च्या शैक्षणिक धोरणात २०३०पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करायचं म्हटलंय, त्यामुळे डी.एल.एड. करायचंच असेल तर रेंगाळू नकोस.

एम.ए. सोडू नकोस, फक्त पुढे ढकल. नोकरी लागल्यावर इग्नूमधून तत्त्वज्ञानात घरबसल्या करता येईल. तोवर वाचन थोडं रुंद कर. हरिपाठ तुला पाठ आहेच. आता जैनांची अणुव्रतं, बसवण्णांची वचनं, कुराणाचा आणि बायबलचा मराठी अनुवाद, बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञा, हे सगळं त्या त्या घरातल्या माणसाकडून समजून घे. नुसत्या पुस्तकावरून दुसऱ्याच्या धर्माबद्दल मुलांना सांगू नये.

रविवारचा वर्ग चालू ठेव. सरकारी नोकरी लागल्यावर मात्र त्याचे पैसे घेऊ नकोस आणि शाळेतल्या मुलांना तिथे यायचा आग्रह करू नकोस. डी.एल.एड.ला प्रवेश घेण्याआधी जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, परवानगी घेऊन आठवडाभर पहिलीच्या वर्गात बस. नाक पुसायचं, चपला जोडीनं लावायच्या, भांडणं सोडवायची आणि मधूनच ‘ब’ गिरवून घ्यायचा, हा दिवस सलग पाच वेळा आवडला, तर अर्ज भर.