रस्ता एक, नंबर दोन

प्रश्न : गुहागर-चिपळूण-कराड रस्ता जुन्या नकाशात राज्य महामार्ग ७८ आहे, पाट्यांवर मात्र १६६ ई. पूर्व-पश्चिम रस्त्याला विषम क्रमांक देतात ना? मग हा सम कसा?

उत्तर : रस्ता तोच, फक्त राष्ट्रीय महामार्ग झाला. गुहागर, चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, हेळवाक, पाटण, कराड, विटा, जत करत तो विजयपूरला जातो. (जुन्या दगडावर ‘विजापूर’ दिसेल, नाव २०१४ मध्ये बदललं.) वाट मात्र या दोन्ही नंबरांहून कितीतरी जुनी. दाभोळच्या खाडीतून आलेला माल वाशिष्ठीकाठी गोवळकोटला उतरायचा आणि घाट चढून कराडकडे जायचा.

आता विषम-सम. २०१० च्या नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण महामार्ग सम, पूर्व-पश्चिम विषम. कोकणातला १७ तेव्हा ६६ झाला. पण हा नियम एक-दोन आकडी मुख्य महामार्गांचा. तीन आकडी क्रमांक शाखांचे असतात आणि त्यांचे शेवटचे दोन आकडे मूळ महामार्ग सांगतात. १६६ ई म्हणजे ६६ च्या कुळातला. दोघांची गाठ चिपळुणात पडते. रस्त्याची दिशा या आकड्यात शोधूच नये.

प्रश्न : घाटातल्या खड्ड्याची जागा तक्रारीत नेमकी कशी लिहावी?

उत्तर : ‘तिसऱ्या वळणावर’ असं लिहिलंत तर कोणालाच सापडणार नाही. किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं म्हणजे राष्ट्रीय, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग. एखादा हिरवा उरला असेल तर त्याचा आकडा घेऊ नका, मोजणी बदललेली असू शकते. दोन दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला २, ४, ६, ८ आकड्यांचे छोटे दगड असतात. किमी ४१ नंतरच्या ‘६’ जवळ खड्डा असेल तर ‘किमी ४१/६००, डोंगराकडची बाजू’ असं लिहा.

तिथलं गटार तुंबलंय का, मोरीचं तोंड बुजलंय का, हेही लिहा. खरं दुखणं बहुधा तिथेच असतं. गटारात न मावलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, भेगांतून डांबराखाली मुरतं, खालचा खडीचा थर सैल होतो आणि भरलेले ट्रक तो दाबून फोडतात. नुसता खड्डा बुजवला तर पुढच्या पावसात तो तिथेच पुन्हा उघडतो.