स्टेथोस्कोप खिशातच राहू द्या

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात सर स्टेथोस्कोप लावूच देत नाहीत, नुसतं पेशंटकडे बघत उभं करतात, म्हणते. हे कसलं शिकवणं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, मीही तेच करतो. पहिली पाच मिनिटं मुलांनी हात मागे बांधून पलंगाशी उभं राहायचं. श्वास मोजा, नखं बघा, मानेवरची शीर फुगलीय का बघा. मग हात लावायचा, मग बोटांनी ठोकायचं, कानाचा नंबर शेवटी.

ठोकणं शिकवायला मी कँटीनमधून तेलाचा डबा मागवतो. डोळे मिटून सांगा, तेल कुठवर आहे? मुलं आधी फिदीफिदी हसतात. पण ऑएनब्रुगर या ऑस्ट्रियातल्या डॉक्टरने छाती ठोकून तपासण्यावर पुस्तक लिहिलं ते १७६१ साली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंपं वाजवून दारू किती उरली ते ओळखणाऱ्या घरातला. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. फुफ्फुसाभोवती पाणी साठलं की आवाज भरल्या डब्यासारखाच बद्द येतो.

एकदा एक मुलगा थेट नळी लावायला वाकला, तर आजी म्हणाल्या, “आधी नाव तर विचार की रं!” तेव्हापासून तेही अभ्यासक्रमात घातलंय.

मुलीला घरी डबे वाजवू द्या. शेजारी विचारतील, तेवढं सांभाळा.