छोट्या विमानात मुलांचे कान आणि विरंगुळा: आधी फिटिंग, मग खेळणी

नवऱ्याला नुकतंच पायलट लायसन्स मिळालंय, भाड्याची सेसना १७२ (चार सीटचं छोटं विमान) घेऊन कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसहून सॅन लुइस ओबिस्पोला जायचंय, मुलगी दीड वर्षाची, मुलगा ५ वर्षांचा, तर कानात कापूस घातला तर चालेल का आणि दीड तास दोघांना रमवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. कापूस अजिबात नको, त्याने आवाज नावापुरताच कमी होतो. असल्या विमानात साधारण ८५ ते ९५ डेसिबल आवाज असतो, टेकऑफला आणखी वाढतो. अमेरिकेत कामगारांसाठी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला फक्त १ तास, आणि तेही मोठ्या माणसांसाठी.

धाकटीला बाळांचे इअरमफ घ्या, रुंद मऊ पट्ट्याचे. फोमचे प्लग नकोत, एवढ्याशा कानात ते नीट बसत नाहीत आणि काढून तोंडात घातले तर घशात अडकतील. मोठ्याला लहान मुलांचा माइकवाला हेडसेट घ्या, डेव्हिड क्लार्कचा मिळतो. बाबांचा महागडा नॉइज कॅन्सलिंगवाला देऊ नका, डोक्याला सैल बसला की फटीतून आवाज आत येतोच. लावल्यावर कडेने बोट फिरवून बघा, कानाच्या खाली जबड्यापाशी हमखास फट राहते. माझ्या लेकीच्या वेणीखाली बोट आरामात आत जायचं, मग मी वेणी वर बांधायला लागले. वरचा पट्टा मोठा होत असेल तर त्याला पायमोजा गुंडाळा. आणि मुलं झोपली की मफ सरकतात, तेव्हा तुम्ही मागेच बसा म्हणजे लक्ष राहील.

घरी मिक्सर चालू असताना घालायची सवय करा, आठवडाभर आधीपासून.

दडा बसतो तो उतरताना. मुलांची कानाची आतली नळी अरुंद आणि आडवी असते, त्यात सर्दी असेल तर ट्रिप सरळ पुढे ढकला, बुकिंगचे पैसे गेले तरी. मिनिटाला ३०० फुटांनी खाली या म्हणावं नवऱ्याला, ५,५०० फुटांवरून यायला १८-एक मिनिटं लागतील, पण लागू देत. तेवढा वेळ धाकटीला अंगावर किंवा बाटलीने पाजा, झोपली असेल तर आधी उठवा कारण झोपेत गिळणं कमी होतं, मोठ्याला स्ट्रॉने पाणी द्या. २ वर्षांखालच्या मुलांना मांडीवर घेता येतं नियमाने, पण मी म्हणेन कारसीटच लावा मागे, विमानात चालते असं त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं ते बघून घ्या. पाजायला सीटमधून काढावं लागू नये म्हणून बाटली बरी.

विरंगुळ्याला टॅबलेट पहिल्यांदा काढू नका, हलत्या विमानात खाली बघून मळमळतं. मोठ्याला समुद्र, रस्ते, शेतं मोजायला लावा, इंटरकॉमवर, म्हणजे हेडसेटमधून एकमेकांशी, बोलू द्या, फक्त टेकऑफ-लँडिंगला आणि रेडिओ चालू असताना गप्प बसायचं हे आधी पक्कं करा, नाहीतर पायलटचा इंटरकॉम वेगळा करायचं बटण असतं ते वापरा. धाकटीला स्टिकर, चिकटपट्टीचे तुकडे, चुरमुरे. गोल क्रेयॉन आणि चेंडू मात्र घरीच ठेवा, घरंगळून पुढे पायलटच्या पायाखालच्या रडर पेडलखाली (त्यांनीच विमानाची दिशा सांभाळतात) गेले तर खरोखरच धोका आहे. प्रत्येक खेळणं दोरीने कारसीटला बांधा. गाणी लावायची तर हेडसेट घट्ट बसल्यावरच, नाहीतर इंजिनवर मात करायला आवाज वाढवत जातात आणि कानाला दुहेरी त्रास.

पहिल्याच फेरीला दीड तास नका करू. आधी हाफ मून बेला जाऊन या, जवळच आहे, कुरकुर झालीच तर लगेच मागे फिरता येतं.