कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

प्रश्न : ईए एफसी या फुटबॉल व्हिडिओ गेमच्या करिअर मोडमध्ये लेजेंडरी या अवघड लेव्हलवर तळातला संघसुद्धा बार्सिलोनासारखे पास देतो. मी 1-0 ने पुढे असलो की 80व्या मिनिटानंतर हमखास गोल खातो. हे आधीच ठरलेलं असतं का?

उत्तर : पासिंगची तक्रार अगदी रास्त आहे. तुम्ही स्क्रीन बघून बोटं हलवता. कॉम्प्युटरला मात्र बावीसही खेळाडूंच्या जागा आकड्यांत ठाऊक असतात आणि बटण दाबण्यात त्याचा वेळ जात नाही. वरच्या लेव्हलवर दुबळ्या संघाचा मिडफिल्डरही एका टचमध्ये बॉल काढून देतो, मग त्याचं रेटिंग 65 आहे हे मैदानात जाणवतच नाही.

म्हणून लेव्हल उतरवू नका, स्लायडर (खेळाची एकेक बाब कमी-जास्त करणारी पट्टी) बदला. सेटिंग्जमधल्या गेमप्ले कस्टमायझेशनमध्ये युझर (तुम्ही) आणि सीपीयू (कॉम्प्युटरचा संघ) यांचे स्लायडर वेगवेगळे असतात. प्रत्येक 0 ते 100, मूळ आकडा 50. आधी फक्त सीपीयूचा ‘पास एरर’ 55 करून तीन सामने खेळा, फरक पडला नाही तर 60 करा. मग ‘फर्स्ट टच कंट्रोल एरर’ही तसाच वाढवा. एरर वाढवला की चुका वाढतात. सोपं करायचं म्हणून आकडा खाली आणला, तर सीपीयू आणखीच अचूक खेळतो. दोन्ही स्लायडर एकदम हलवले तर कशाने काय झालं ते कळणार नाही. 75-80 वर नेलंत तर समोरचा संघ बॉल फुकट देत सुटतो, मॅचची मजाच जाते. सीपीयूच्या ‘स्प्रिंट स्पीड’ला शक्यतो हात लावू नका, त्यांचे काउंटर अटॅक मरतात. अल्टिमेट टीम या गेममधल्या दुसऱ्या मोडमध्ये यातलं काहीच चालत नाही.

शेवटच्या मिनिटांतल्या गोलांचं कारण वेगळं. पिछाडीवरचा सीपीयू जास्त माणसं पुढे आणतो, आणि तेव्हाच तुमच्या फुलबॅकचा (कडेच्या बचावपटूंचा) स्टॅमिना संपलेला असतो. 65-70व्या मिनिटाला त्यांना बदला. खाल्लेल्या गोलाचा रिप्ले काढून सेंटर बॅक (मधला बचावपटू) कुठे होता ते बघा : बहुतेक वेळा आपणच त्याला टॅकलसाठी जागेवरून ओढून नेलेलं असतं. मिडफिल्डर निवडून जॉकी करत राहा, म्हणजे टॅकल न करता समोर राहून वाट अडवा (प्लेस्टेशनवर एल2 बटण), आणि आर1 बटण सतत दाबून ठेवू नका. त्याने दुसरा डिफेंडरही जागा सोडतो.

प्रश्न : एखाद्या गेमने मुद्दाम पक्षपात केल्याचं सिद्ध झालंय का?

उत्तर : हो, 1993 च्या ‘एनबीए जॅम’ या बास्केटबॉल गेमने. त्याचे डिझायनर मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचे चाहते. पिस्टन्सविरुद्धचा सामना अटीतटीचा असेल, तर शिकागो बुल्स या प्रतिस्पर्धी संघाचे शेवटच्या क्षणांतले शॉट चुकावेत असा कोड त्यांनी घातला होता. हे पुढे त्यांनीच जाहीर सांगितलं. याशिवाय पिछाडीवरच्या संघाला मदत करणारी सोयही या गेममध्ये होती. घरच्या कन्सोलवर खेळत असाल तर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘कॉम्प्युटर असिस्टन्स’ बंद करा.